गुडघा बरा होतो आहे, पण दिवसाचे काय?

पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी आपटा आणि जिते ही स्टेशने मागे टाकून हमरापूरला थांबते. त्याच्या पुढचे स्टेशन पेण. गणपतीच्या मूर्तींसाठी पेणचे नाव सर्वतोमुखी आहे, पण त्यांतल्या कितीतरी मूर्ती प्रत्यक्षात हमरापूर, जोहे, तांबडशेत अशा आसपासच्या गावांत घडतात. ओटीवर, पडवीत, पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे पाहावे तिथे अजून रंग न लागलेल्या पांढऱ्या मूर्तींच्या रांगा दिसतात. कोणी साच्यातून मूर्ती काढत असतो, कोणी सांधे घासत असतो, तर कोणी बारीक ब्रश घेऊन डोळ्यांची आखणी करत असतो. याच गावांत भात कापून झाले, दिवाळी सरली की कबड्डीचा हंगाम उभा राहतो. मैदाने आखली जातात, खांबांवर दिवे चढतात आणि प्रकाशझोतातले सामने मध्यरात्र उलटून जाईपर्यंत चालतात.

मूर्तीचा कारखाना आणि कबड्डीचे मैदान यांचा एकमेकांशी काय संबंध, असे कोणी विचारील. या लेखात तो संबंध आपल्याला एका तिसऱ्याच बाजूने पाहायचा आहे. ती बाजू म्हणजे व्यवसायोपचार, आणि विषय आहे महाविद्यालयात शिकणाऱ्या खेळाडूंच्या मनाचे आरोग्य.

एक मुलगा डोळ्यांपुढे आणू या. तो कोणी एक खरा मुलगा नाही, पण कोकणात शिकवणाऱ्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल. वय १९, वाणिज्य शाखेचे दुसरे वर्ष, गावच्या संघाचा आणि कॉलेजच्याही संघाचा चढाईपटू. जानेवारीतल्या एका सामन्यात पकडीतून सुटताना पाय मैदानावर रोवला गेला आणि अंग वळले. गुडघ्यात काहीतरी तुटल्यासारखा आवाज झाला. गुडघ्याच्या आत मांडीचे आणि नडगीचे हाड एकमेकांवरून सरकू नये म्हणून जो तिरपा बंध असतो तो तुटला होता. खेळाडूंच्या भाषेत, ‘लिगामेंट गेले.’ फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, निदान नऊ महिने तरी मैदान नाही.

हे नऊ महिने डॉक्टर उगाच सांगत नाहीत. नव्याने बसवलेला बंध हाडात रुजून मजबूत व्हायला वेळ लागतो, मांडीचे स्नायू पूर्वीच्या ताकदीला यायला त्याहून अधिक. त्याआधी घाईने खेळायला उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच जास्त असतो. तेव्हा गुडघ्याचा हिशेब स्पष्ट आहे आणि तो ठेवणारी माणसेही आहेत. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आहेत, व्यायाम देणारे भौतिकोपचारतज्ज्ञ आहेत.

कॉलेजात भेटले की सर विचारतात, “काय रे, गुडघा काय म्हणतो?”

“बरा आहे सर.”

संवाद इथेच संपतो. समजा सरांनी पुढचा एक प्रश्न विचारला असता, “काल दिवसभर काय काय केलंस?” तर उत्तर आले असते, “काही नाही सर.” या ‘काही नाही’मध्येच आपला विषय दडलेला आहे.

दुखापतीच्या आधी या मुलाचा दिवस कसा होता ते पाहा. पहाटे धावणे, मग कॉलेज, संध्याकाळी मैदान, मैदानानंतर संघातल्या पोरांबरोबर नाक्यावर गप्पा, हंगामात रात्रीचे सामने. खाणे काय, झोपायचे केव्हा, मित्र कोण, गावात ओळख काय, पुढे नोकरी कुठे, या सगळ्यांची उत्तरे एकाच शब्दात होती. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव असतात, त्यामुळे घरच्यांच्या हिशेबातही कबड्डी हा नुसता छंद नव्हता. एका क्षणात यांतले सगळे थांबले. गुडघा एकच गेला, पण दिवसातले दहा तास त्याच्याबरोबर गेले.

व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे

व्यवसायोपचार हे नाव ऐकून अनेकांचा गैरसमज होतो. वाटते, रुग्णाला काही धंदा शिकवून पोटापाण्याला लावायची ही सोय असावी. इथे ‘व्यवसाय’ हा शब्द फार रुंद अर्थाने वापरला आहे. माणसाचा वेळ ज्या ज्या कृतींनी व्यापलेला असतो ती प्रत्येक कृती म्हणजे व्यवसाय. आंघोळ, स्वयंपाक, अभ्यास, खेळ, बाजारहाट, देवाला फूल वाहणे, झोपायची तयारी, सगळे त्यात आले. आजाराने, अपघाताने किंवा मनाच्या दुखण्याने यांतले काही हातून सुटले, तर ते पुन्हा करता यावे म्हणून मदत करायची आणि ती मदत करताना कृतीचाच औषधासारखा वापर करायचा, हा या शास्त्राचा गाभा.

गंमत अशी की ज्याला आज बरेच लोक हातापायांचे शास्त्र समजतात, त्याची एक मोठी मुळी मनोरुग्णालयांत आहे. १९१७ साली अमेरिकेत या विषयाची पहिली संघटना स्थापन झाली, तेव्हा संस्थापकांत मनोविकारतज्ज्ञ विल्यम रश डन्टन होते आणि मनोरुग्णांच्या सवयींची घडी बसवण्याचे काम करणाऱ्या एलिनॉर क्लार्क स्लॅगल होत्या. अ‍ॅडॉल्फ मायर या मनोविकारतज्ज्ञाने १९२२ साली मांडले की काम, खेळ, विश्रांती आणि झोप या चार गोष्टींचा तोल राखता येणे हाच निरोगी जगण्याचा आधार आहे, आणि हा तोल उपदेशाने येत नाही, प्रत्यक्ष करण्यातून येतो. शंभर वर्षांनंतरही या मांडणीत फारसे बदलावे असे काही नाही.

आपल्याकडे हे शास्त्र आले त्याची कथाही शिक्षकांना जवळची वाटेल. फलटणचे कमला निंबकर बालभवन अनेकांना माहीत असते, पण ज्यांच्या नावाने ती शाळा आहे त्या कमलाबाई कोण हे पुष्कळांना माहीत नसते. त्या मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या भारतात आल्या. वयाच्या चाळिशीनंतर, मुले मोठी झाल्यावर, त्या फिलाडेल्फियाला जाऊन व्यवसायोपचार शिकल्या आणि १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी भारतातील पहिली व्यवसायोपचार शाळा सुरू केली. १९५२ मध्ये या तज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारताचे नाव लागले. म्हणजे या विषयात आपण कोणाच्या मागून चालत आलेलो नाही. तरीही आज आपल्या महाविद्यालयांत खेळाडूसाठी मालिश करणारा सापडेल, आहार सांगणारा सापडेल, पण व्यवसायोपचारतज्ज्ञाचे नाव कोणी काढत नाही.

मैदान सुटले की मनाचे काय होते

‘मानसिक ताण आहे’ एवढे म्हणून थांबणे म्हणजे ‘अंग मोडून आले आहे’ म्हणण्यासारखे आहे. थोडे आत जाऊन पाहू.

पहिली गोष्ट ओळखीची. ब्रूअर, व्हॅन राल्टे आणि लिंडर या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ साली ‘खेळाडू म्हणून असलेली ओळख’ ही कल्पना मोजमापासह मांडली. ‘मी कोण?’ या प्रश्नाला ज्याच्याकडे ‘खेळाडू’ एवढेच उत्तर असते तो कसून सराव करतो, शिस्त पाळतो, चटकन पुढे जातो. हाच त्याचा कमकुवत बिंदूही असतो. दुखापत झाली, संघातून वगळले किंवा वय झाले की उत्तरच नाहीसे होते. त्यांनी आपल्या लेखाच्या शीर्षकात विचारलेला प्रश्न मार्मिक होता : हे हर्क्युलिसचे स्नायू म्हणायचे की अकिलीसची टाच?

हे हरलेल्यांपुरतेच खरे नाही. २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलेल्या अभिनव बिंद्रा यांनी नंतर जाहीरपणे सांगितले आहे की पदक मिळाल्यावर त्यांना मोठी पोकळी जाणवली. इतकी वर्षे दिवस ज्याच्याभोवती फिरत होता ते उद्दिष्टच संपले होते. एरवी ज्याला आपण यशाचे शिखर म्हणतो, तिथेही दिवस रिकामाच झाला.

दुसरी गोष्ट शरीराची. रोज दमेपर्यंत व्यायाम करणाऱ्याचा व्यायाम एकाएकी बंद केला, तर काही दिवसांतच मरगळ, चिडचिड आणि अस्वस्थता येते असे प्रयोगांत दिसले आहे. आपला खेळाडू घरात आदळआपट करतो, आईवर खेकसतो, तेव्हा त्याचे कारण निव्वळ स्वभावात शोधू नये.

तिसरी गोष्ट झोपेची, आणि इथे थोडे थांबायला हवे, कारण दुखापत न झालेल्या खेळाडूंनाही ती लागू आहे. मेंदूत खोलवर एक घड्याळ असते. डोळ्यांवर पडणाऱ्या प्रकाशावरून ते वेळ जुळवते. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचे संप्रेरक स्रवू लागते आणि शरीर झोपेची तयारी करते. प्रखर प्रकाश पडला की हा स्राव दबतो. किशोरवयात हे घड्याळ आधीच तासदोन तास उशिरा चालत असते. आता प्रकाशझोतातला सामना घ्या. साडेबाराला शेवटची चढाई, दीडला घर. अंग तापलेले, डोक्यात सामना चालूच. तीनला डोळा लागतो आणि सकाळची गाडी गाठायला साडेसहाला उठायचे. या वयाला आठ तासांच्या आसपास झोप हवी, मिळाली साडेतीन. असे आठवड्यातून तीनदा घडले, तर तो वर्गात पेंगणारच. पेंगतो म्हणून आपण त्याला उभे करतो.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात बास्केटबॉलच्या ११ खेळाडूंना पाच ते सात आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहायला सांगितले होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत त्यांचे धावणे वेगवान झाले, मोकळ्या फेकींची अचूकता ९ टक्क्यांनी वाढली आणि मनःस्थितीही सुधारली. खेळाडू अकराच आणि तुलनेला दुसरा गट नाही, तेव्हा या आकड्यावर फार मोठी इमारत उभारू नये. तरी जो सराव वाढवायला तयार असतो पण झोप वाढवायला कधीच तयार नसतो, त्या प्रत्येक प्रशिक्षकाला हा आकडा सांगावा असे आम्हाला वाटते.

दुखापतीनंतर याच्या उलट होते. पहाटे उठायचे कारण उरत नाही, म्हणून मुलगा दहाला उठतो. दिवसा हालचाल नाही, म्हणून रात्री झोप येत नाही. दोन वाजेपर्यंत मोबाईलवर इतरांचे सामने पाहत पडायचे. सकाळचे ऊन अंगावर येत नाही, घड्याळ आणखी मागे पडते. झोप बिघडली की मन बिघडते आणि मन बिघडले की झोप. हे चक्र कुठेतरी तोडावे लागते.

एक वर्तुळ आणि दहा गुण

व्यवसायोपचारतज्ज्ञ या मुलाला भेटल्यावर ‘तुला काय वाटते?’ इथून सहसा सुरुवात करत नाही. त्या प्रश्नाला या वयाची मुले उत्तर देत नाहीत, निदान पहिल्या भेटीत तरी नाही. तो कागदावर एक मोठे वर्तुळ काढतो, त्याचे २४ भाग करतो आणि म्हणतो, “कालचा दिवस यात भर.” मग तसेच दुसरे वर्तुळ, दुखापतीच्या आधीच्या एखाद्या दिवसाचे. दोन्ही शेजारी ठेवली की सांगायचे फारसे उरत नाही. मुलाला स्वतःलाच दिसते की गुडघ्याच्या व्यायामाचा पाऊण तास सोडला तर नव्या वर्तुळात एकच रंग आहे.

मग यादी होते. पुन्हा काय करता यायला हवे, काय करावेसे वाटते, काय करणे भाग आहे. त्यातल्या प्रत्येक गोष्टीला मुलगाच १ ते १० गुण देतो : ती किती महत्त्वाची, सध्या किती जमते, आणि जितकी जमते त्यावर तो किती समाधानी आहे. कॅनडातील तज्ज्ञांनी तयार केलेली ही पद्धत जगभर वापरली जाते. काही आठवड्यांनी पुन्हा गुण घ्यायचे. दोन गुणांचा फरक पडला तर तो खरा फरक मानतात. गुण देणारा तोच असतो, हे इथे महत्त्वाचे. पाहुणे बसले असतात आणि आई परस्पर सांगते, “आता बरा आहे हो तो.” तसे इथे चालत नाही.

अमेरिकेतले गॅरी किल्हॉफनर यांनी १९८० साली या विचाराला एक चौकट दिली. माणूस एखादी कृती करतो त्यामागे तीन धागे असतात : करावेसे वाटणे, करायची सवय व त्यातली आपली भूमिका, आणि करायची कुवत. आपल्या चढाईपटूची कुवत गुडघ्यापुरती कमी झाली आहे. सगळे जग तिच्याकडेच पाहते आहे. सवय आणि भूमिका तर पार कोसळल्या आहेत आणि त्यामागोमाग इच्छाही विझत चालली आहे. गुडघा नऊ महिन्यांत बरा होईल. बाकीचे दोन धागे नुसते वाट पाहून बरे होत नाहीत.

कारखान्यातली बैठक

आता हमरापूरला परत येऊ. या मुलाच्या काकांचा मूर्तींचा कारखाना आहे असे समजू. दुखापतीच्या आधी तो तिथे फिरकत नसे. फेब्रुवारी ते गणेशोत्सव हा तिथल्या कामाचा भर, आणि नेमका हाच त्याच्या रिकामपणाचा काळ. मग काम सोपे आहे, त्याला कारखान्यात बसवा, असे कोणालाही वाटेल. पण नुसते बसवणे आणि उपचार यांत अंतर आहे, आणि ते अंतर म्हणजेच व्यवसायोपचाराचे ज्ञान.

तज्ज्ञ आधी कामाची चिरफाड करतो. साच्यातून मोठी मूर्ती काढणे : वजन उचलावे लागते, ओले झाल्याने पाय घसरू शकतो. पहिले काही महिने हे नाही. सांधे घासणे : हाताला सोपे, डोक्याला कंटाळवाणे, शिवाय प्लास्टरची धूळ उडते. नाकाला कपडा बांधून थोडा वेळ चालेल, पण दिवसभर हेच दिले तर मन पुन्हा आपल्याच विचारांत गुरफटेल. शाडू मळणे : हातांना जोर लागतो, अंग थोडे दमते, स्पर्श सुखाचा, चुकण्याची भीती नाही. सुरुवातीला हे उत्तम. सपाट रंग देणे ही पुढची पायरी. दागिन्यांचे रंगकाम त्यापुढची. डोळ्यांची आखणी सगळ्यांत शेवटची. ते वर्षानुवर्षांच्या कारागिराचे काम, ते या मुलाला या हंगामात मिळणारही नाही. पण फुटलेल्या, बाजूला काढलेल्या मूर्तीवर तो सराव करू शकतो.

बसण्याचाही प्रश्न असतो. कारखान्यात बहुतेक जण पाटावर किंवा उकिडवे बसून काम करतात. शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याला उकिडवे बसणे चालत नाही. म्हणून उंच स्टूल, कमरेच्या उंचीवर फळी, आणि दर अर्ध्या तासाने उठून चार पावले. एवढ्याशा बदलासाठी तज्ज्ञ कशाला, असे वाटेल. पण हा बदल सुचला नाही म्हणून दोन दिवसांत गुडघा सुजतो आणि घरचे म्हणतात, “राहू दे, तू पडूनच राहा.” मग तो पडूनच राहतो.

काम किती अवघड द्यायचे याला एक माप आहे. फार सोपे दिले तर कंटाळा, फार अवघड दिले तर हार. मधली एक अरुंद पट्टी असते, तिथे माणूस वेळ विसरतो. चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात या अवस्थेचा बारकाईने अभ्यास केला. खेळाडूंना ती नवी नाही, चांगल्या चढाईत तेच होते. आखणी करणारा कारागीर पाहा. ब्रश टेकवण्याआधी तो श्वास सोडतो आणि क्षणभर थांबतो. रायफल नेमबाजही श्वासाच्या याच विरामात चाप ओढतात. घाबरला की घाईघाईत चढाई करून पकडला जाणाऱ्या मुलाला हा विराम मैदानाबाहेर शिकायला मिळतो, तोही ‘दीर्घ श्वास घे’ असे कोणी न सांगता.

इथे एक इशारा द्यायला हवा. जुन्या काळच्या वेड्यांच्या इस्पितळांत ‘कामाने बरे वाटते’ म्हणून रुग्णांना शेतात, धोबीखान्यात फुकट राबवले गेले आहे. उपचार आणि राबवणे यांतली रेघ पुसट असते. काम त्याने निवडलेले असावे, त्याला ‘नको’ म्हणता यावे आणि ज्या कामाचे इतरांना पैसे मिळतात त्याचे त्यालाही मिळावेत. हाताला पैसा मिळणे हाही त्या वर्तुळातला एक रंगच आहे. आणि मूर्तिकाम हे काही जादूचे औषध नाही. दुसऱ्या कोणासाठी ते लहान मुलांना कबड्डी शिकवणे असेल, सामन्याचा गुणफलक लिहिणे असेल, किंवा राहून गेलेले हिशेबशास्त्राचे पुस्तक रोज ठरल्या वेळी उघडणे असेल.

मुलींच्या बाबतीत वर्तुळ वेगळे दिसते. खो-खो किंवा कबड्डी खेळणारी मुलगी दुखापतीने घरी बसली तर तिचा दिवस सहसा रिकामा होत नाही. तो धुण्याभांड्यांनी भरतो. बाहेरून पाहणाऱ्याला ती ‘कामात’ दिसते, म्हणून तिचे मन खचले आहे हे आणखी उशिरा कळते. शिवाय घरी लागलेला पाय परत मैदानावर निघू दिला जाईल की नाही, ही भीती तिला अधिक असते. तिच्या वर्तुळात तास भरायचे नसतात, तिचे स्वतःचे असे दोन तास रिकामे करून घ्यायचे असतात.

आधी करणे, मग वाटणे

‘मन लागले की करीन’ असे आपण सगळेच म्हणतो. खिन्न माणसाच्या बाबतीत हा क्रम उलटा चालतो. मन लागण्याची वाट पाहत तो काहीच करत नाही, काही न केल्याने आनंदाचा एकही प्रसंग वाट्याला येत नाही आणि मन आणखी खाली जाते. तेव्हा आधी कृती, लहानशी, ठरलेल्या वेळची, मनासारखे वाटो वा न वाटो. मन मागून येते.

याचा भक्कम पुरावा आपल्या शेजारी गोव्यात मिळाला आहे. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याने ग्रासलेल्या ४९५ प्रौढांवर विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली चाचणी २०१७ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्या निम्म्यांना त्याबरोबर सहा ते आठ बैठका मिळाल्या, आणि त्या घेणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक होते. बैठकांचा मुख्य भर रुग्णाने पुन्हा हळूहळू कामांत, माणसांत गुंतावे यावर होता. तीन महिन्यांनी पहिल्या गटातले ३९ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले ६४ टक्के. हा व्यवसायोपचार नव्हता आणि ते रुग्ण खेळाडू नव्हते. पण कृतीने मन हलते, आणि ते हलवायला मदत करणारा माणूस गावातलाही असू शकतो, हे त्यातून दिसले.

परत मैदानावर

नऊ महिने झाले, गुडघा तपासणीत पास झाला. आता खेळायला काय हरकत? क्लेअर आर्डर्न आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली अशा शस्त्रक्रियांवरच्या ६९ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. १०० पैकी ८१ जण कोणत्या ना कोणत्या खेळाकडे परतले, ६५ जण दुखापतीआधीच्या पातळीवर परतले आणि स्पर्धेत उतरले ते जेमतेम ५५. गुडघा परवानगी देत असूनही न परतणाऱ्यांच्या कारणांत पुन्हा दुखापत होण्याची भीती ठळकपणे दिसते. पाय टेकवताना क्षणभर कचरणारा चढाईपटू बादही लवकर होतो.

या भीतीलाही पायऱ्या लावता येतात. आधी रिकाम्या मैदानावर नुसते चालून यायचे. मग एकट्याने चढाईची पावले. मग एका ओळखीच्या साथीदारासमोर, पकड न करता. मग पकडीसह. मग पूर्ण संघ, प्रेक्षकांशिवाय. प्रत्येक पायरीवर भीतीला १० पैकी गुण द्यायचे, आणि ते उतरल्याशिवाय पुढे जायचे नाही. भीती शून्य व्हावी असा आग्रह मात्र नको. यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांपासून एक गोष्ट सांगितली जाते : उत्तेजना अगदी कमी असली तरी कामगिरी खालावते आणि फार झाली तरी खालावते. थोडी धडधड हवीच. ती नसलेला चढाईपटू मध्यरेषा ओलांडून फिरून येतो, एवढेच.

कुठे थांबायचे, कोणाकडे जायचे

व्यवसायोपचार मनोविकारतज्ज्ञाची जागा घेत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत उदासी, खाणे सुटणे, वजन झपाट्याने उतरणे, दारू किंवा अन्य नशा, ‘आता काय उपयोग’ अशी भाषा, आपल्या आवडत्या वस्तू वाटून टाकणे, यांतले काही दिसले तर वेळ न घालवता डॉक्टरकडे न्यावे. जीव द्यायचे विचार मनात येतात का, असे स्पष्ट विचारायला शिक्षक कचरतात. विचारल्याने असा विचार डोक्यात शिरेल, असे त्यांना वाटते. तसे होत नाही. विचारल्याने बहुतेकांना मोकळे वाटते. २०२२ सालापासून ‘टेलि-मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मराठीतूनही, विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक जिमखान्याच्या दारावर लिहून ठेवावा.

व्यवसायोपचाराचे विभाग मुंबईत के.ई.एम., नायर आणि शीव या रुग्णालयांत आहेत. हमरापूरहून तिथे दर आठवड्याला जाणे कोणालाच परवडणार नाही. पण महिन्यातून एकदा जाऊन वर्तुळ दाखवायचे, पुढच्या पायऱ्या ठरवून घ्यायच्या आणि मधले चार आठवडे काका, आई, संघाचा कर्णधार आणि कॉलेजातले एखादे सर यांनी त्या सांभाळायच्या, हे जमण्यासारखे आहे. क्रीडाशिक्षकाने तर आणखी एक सोपी गोष्ट करावी. जखमी खेळाडूचे नाव संघाच्या यादीतून काढू नये. सरावाच्या वेळी त्याला मैदानाच्या कडेला नेमून दिलेले काम असावे : चढायांची नोंद, वेळ पाहणे, नव्या मुलांच्या पावलांकडे लक्ष ठेवणे. संध्याकाळी साडेपाचला मैदानावर हजर राहायचे, हा वर्तुळातला एक भाग तेवढ्याने वाचतो.

वर्तुळाचा प्रयोग दहावीच्या पुढच्या कोणत्याही वर्गात करून पाहता येईल. प्रत्येकाला एक कागद द्यावा. २४ तासांचे वर्तुळ काढून कालचा दिवस चार रंगांत भरायचा : काम व अभ्यास एका रंगात, खेळ व करमणूक दुसऱ्या, विश्रांती तिसऱ्या, झोप चौथ्या. मोबाईल कोणत्या रंगात घालायचा यावर वर्गात हटकून वाद होतो, तो होऊ द्यावा. नंतर प्रत्येकाने एकच प्रश्न स्वतःला विचारायचा : यातला सर्वांत मोठा भाग उद्या एकाएकी काढून घेतला, तर तिथे मी काय भरीन? उत्तरे मोठ्याने वाचून घेऊ नयेत, कागद गोळाही करू नयेत. आणि सुरुवात करताना शिक्षकांनी आपले स्वतःचे वर्तुळ फळ्यावर खरेखरे काढावे, म्हणजे मुलेही आपले खरे काढतात.